मित्रांसोबत पायी एव्हरेस्टिंग करायचंय? मग आधी अर्ध्यापासून सुरुवात करा (पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी पूर्ण गाइड)

ज्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलंय त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. एव्हरेस्टिंग म्हणजे एकच टेकडी किंवा डोंगराचा एकच ठरावीक चढ निवडायचा आणि तोच चढत-उतरत राहायचं, चढलेल्या उंचीची बेरीज एव्हरेस्टएवढी म्हणजे ८८४८ मीटर होईपर्यंत. वेळेची मर्यादा नाही, मध्ये थांबून खाता येतं, कपडे-मोजे बदलता येतात, पण झोप चालत नाही, आणि सगळं एकाच सलग प्रयत्नात व्हायला लागतं. रिले करून चौघांनी वाटून घेतलं तर ते धरत नाहीत, प्रत्येकाने आपली उंची स्वतःच चढायची. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेवर गेलेले गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी यांचा नातू, त्याचंही नाव जॉर्ज मॅलरीच, तो १९९४ मध्ये स्वतःच्या एव्हरेस्ट मोहिमेच्या तयारीसाठी ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या माउंट डोना बुआंगवर सायकलने अशा फेऱ्या मारायचा, तिथून ही कल्पना आली. १९९५ मध्ये तो एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचलासुद्धा.

हा लेख पायी करणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातही ग्रुपने करणाऱ्यांसाठी. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्यांदा पूर्ण ८८४८ च्या मागे लागू नका, अर्धा म्हणजे ४४२४ मीटर करा. अर्धासुद्धा नवख्या माणसाला १६ ते २० तास घेतो आणि शरीराची कसून परीक्षा बघतो.

आणि मित्रांसोबत करायला हाच प्रकार मला सगळ्यात भारी वाटतो, कारण लांबलचक ट्रेकवर वेगवान माणूस पुढे निघून जातो आणि हळू चालणारा दिवसभर त्याची पाठसुद्धा बघत नाही, इथे मात्र चढ एकच असल्यामुळे कुणी चौथ्या फेरीत असो नाहीतर सहाव्या, दर थोड्या वेळाने समोरासमोर गाठ पडतेच, आणि खाली बेसला (पायथ्याशी सामान-खाणं ठेवलेल्या जागी) तर प्रत्येक फेरीला प्रत्येकजण येतो. वेगवेगळ्या दमाची माणसं एकत्र राहू शकतात.

१. आधी ग्रुपने बसून बोला, डोंगर नंतर

तीन ते सहा जण बरे. त्याशिवाय एक-दोन माणसं अशी हवीत जी चढणार नाहीत, फक्त खाली बेस सांभाळतील. बेसचा माणूस नसेल तर तारीख पुढे ढकला पण त्याच्याशिवाय करू नका, हे मी अगदी मनापासून सांगतोय. दहा तासांनंतर दमलेल्या माणसाला आपण शेवटचं कधी खाल्लं हे आठवत नाही, ते आठवणारं दुसरं कुणीतरी लागतं.

खाली दिलेल्या गोष्टी आधीच ठरवा आणि ग्रुपवर लिहून टाका, म्हणजे रात्री दहा वाजता वाद नको.

- एकत्र चालायचं की आपापल्या वेगाने? माझा सल्ला: दिवसा आपापल्या वेगाने, अंधारात जोडीने. अंधारात कुणीही एकटं चढायचं नाही.
- एकजण थांबला तर बाकीच्यांनी थांबायचं का? तब्येतीची गडबड असेल तर सगळे थांबतात. नुसता दमला असेल तर बाकीचे चालू ठेवतात, आणि त्याला आधीच माहीत असतं की यात कुणी कुणाला सोडून गेलेलं नाही.
- 'आता बस' हे कोण सांगणार? हा अधिकार बेसच्या माणसाकडे द्या. चढणाऱ्याला स्वतःबद्दल तो निर्णय नीट घेता येत नाही, आणि मित्राला दुसऱ्या मित्राला थांबवणं जड जातं. बेसच्या माणसाने सांगितलं की चर्चा नाही.

ज्याला गुडघ्याचा जुना त्रास आहे, बीपी, शुगर, दमा, हृदयाचं काही आहे, त्याने डॉक्टरांना भेटून मगच हो म्हणायचं.

२. डोंगर निवडणं (इथे गणित चुकलं की सगळंच चुकतं)

बरेच जण जवळची ओळखीची टेकडी निवडतात आणि मोकळे होतात. असं करू नका, आधी आकडे मांडा. तीन गोष्टी बघायच्या: एका फेरीत उंची किती मिळते, त्यासाठी अंतर किती चालावं लागतं, आणि उतार पायाला कसा आहे.

समजा एका चढाची उंची २०० मीटर आहे. ४४२४ भागिले २०० म्हणजे २२.१२, म्हणजे २३ फेऱ्या. आता हीच २०० मीटर उंची जर २ किलोमीटरच्या वाटेवर मिळत असेल तर येऊन-जाऊन ४ किलोमीटर, २३ फेऱ्यांचे झाले ९२ किलोमीटर! त्याऐवजी २५० मीटरचा चढ १ किलोमीटरमध्ये असेल तर १८ फेऱ्या आणि एकूण ३६ किलोमीटर. उंची तीच, पण पायाखालचं अंतर अडीच पटीने कमी. म्हणून पायी करताना थोडा खडा चढ बरा, साधारण १५ ते २५ टक्के (म्हणजे १०० मीटर अंतरात १५ ते २५ मीटर उंची). त्यापेक्षा खडा घेतला तर चढताना मजा येते पण उतरताना गुडघे बोलायला लागतात.

वाट कशी हवी तर मातीची, पक्की, पाय ठेवायला खात्रीची. सुटा मुरूम, गुळगुळीत कातळ, दगडांची घसरट अशी वाट नकोच, कारण पहिल्या फेरीला जिथे तुम्ही सहज उडी मारता तिथेच पंधराव्या फेरीला पाय उचलत नाही. दोर लावायला लागेल, हात वापरायला लागतील असा कुठलाही भाग या कामाचा नाही. डांबरी रस्ता चालतो पण गाड्या असतात आणि कडक पृष्ठभागाने पाय लवकर भरून येतात.

बेस पायथ्याशी, गाडी पोचेल अशा जागी. वाटेच्या अर्ध्यावर तरी मोबाइलला रेंज हवी. आणि ठरवलेल्या दिवसाच्या आधी एकदा त्याच वाटेवर रात्री दोन-तीन फेऱ्या मारून बघा, दिवसा ओळखीची असलेली वाट बॅटरीच्या उजेडात वेगळीच दिसते.

३. वेळेचा अंदाज

फिट पण नवीन माणूस दिवसभर टिकवू शकेल असा चढाचा वेग म्हणजे तासाला साधारण ४०० मीटर उंची. २५० मीटरच्या डोंगरावर ३५ ते ३८ मिनिटं वर जायला, २० खाली यायला, चार-पाच मिनिटं बेसला. म्हणजे एक फेरी एक तास. १८ फेऱ्या, १८ तास. हिशोबाला सोपं जावं म्हणूनसुद्धा मला एक तासाची फेरी आवडते, घड्याळ बघितलं की कळतं आपण कुठे आहोत.

सुरुवात पहाटे तीन-चारला करा. अंधाराचे पहिले दोन-तीन तास ताज्या पायांनी जातात आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास संपतं. संध्याकाळी सुरू केलं तर रात्री दोन ते पाच ही वेळ मध्येच येते, त्या वेळात शरीराला झोप हवीच असते आणि पाय नेमके तेव्हाच अडखळतात.

४. ट्रेनिंग: उतरायला शिका

कमीत कमी १२ ते १६ आठवडे हाताशी ठेवा. आठवड्यातून दोन दिवस साधं चालणं किंवा हळू धावणं, एक दिवस ताकदीचा व्यायाम (स्क्वॉट, लंजेस, पायरीवरून एका पायावर हळू उतरणं, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं), आणि एक दिवस डोंगर. डोंगराच्या दिवशी सुरुवात ४००-५०० मीटरने करा, दर आठवड्याला थोडं वाढवा, दर चौथ्या आठवड्याला कमी करा. मुख्य दिवसाच्या तीन आठवडे आधी एका दिवसात २००० ते २५०० मीटर झालेलं असावं. त्यानंतर हळूहळू कमी करत आणायचं, शेवटच्या आठवड्यात जवळपास आराम.

आता महत्त्वाचं. सगळे चढाची तयारी करतात, पण माणूस बहुतेक वेळा उतारामुळे बाहेर पडतो. चढताना दम लागतो, थांबलं की दम परत येतो. उतरताना मात्र मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात, त्यात स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि ती थांबल्याने भरून येत नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात ते यामुळेच. चांगली गोष्ट अशी की एकदा अशी इजा होऊन भरली की पुढचे काही आठवडे स्नायू त्याच उताराला बरंच जास्त सहन करतात. म्हणून ट्रेनिंगमध्ये मुद्दाम उतार घ्या, तीन आठवडे आधीचा तो मोठा दिवस त्यासाठीच आहे.

डोंगर जवळ नसेल तर जिना वापरा. दहा मजली जिना म्हणजे साधारण ३० मीटर, ३४ वेळा चढलात की १००० मीटर झाले. उतरताना लिफ्ट घेऊ नका, वर सांगितलं त्याच कारणासाठी.

ग्रुपने निदान तीन-चार मोठे सराव एकत्र करा. कोण भूक लागली की चिडतो, कोण त्रास होत असूनही गप्प राहतो, हे तिथेच कळतं. गप्प राहणाऱ्यावर जास्त लक्ष ठेवायचं असतं.

५. कागदपत्रं आणि परवानग्या

- जागा कुणाची आहे ते बघा. वनखात्याची असेल किंवा खाजगी असेल तर लेखी परवानगी घ्या, आणि त्यात रात्रीच्या वेळेचा उल्लेख असू द्या. बऱ्याच ठिकाणी दिवसा जाऊ देतात पण अंधार पडल्यावर नाही.
- प्रत्येकाचं ओळखपत्र.
- प्रत्येकासाठी एक छोटं कार्ड: नाव, रक्तगट, अॅलर्जी, चालू औषधं, घरच्यांचा नंबर. एक खिशात, एक बेसला.
- जवळच्या हॉस्पिटलचा पत्ता आणि नंबर, कागदावर लिहिलेला.
- इन्शुरन्स असेल तर त्यात अशा अॅक्टिव्हिटीला कव्हर आहे का ते आधी वाचा.
- घरी थांबलेल्या एका माणसाला सगळा प्लॅन आणि 'अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं' हे सांगून ठेवा.

६. सामान

चढणाऱ्याजवळ: हेडटॉर्च आणि जादा सेल, पाणी, थोडं खाणं, वाऱ्या-पावसाचं जॅकेट, शिट्टी, फोन, फॉइलची इमर्जन्सी चादर. मदतीसाठी शिट्टी मारायची झाली तर मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून परत सहा, ही डोंगरात मदत मागायची ठरलेली खूण आहे.

ट्रेकिंग पोल दोन घ्या. तरुण माणसांना ते म्हाताऱ्यांचं काम वाटतं, पण उतारावर गुडघ्यावरचा भार हातांवर घेणारं दुसरं काही नाही. त्यांचा सरावही आधी करा.

बेसला: प्रत्येकाचे दोन-तीन जोड मोजे, बुटांचा दुसरा जोड, कोरडे कपडे, गरम टोपी, पेट्रोलियम जेली, फोडांसाठी टेप, प्रथमोपचार पेटी, ओआरएस, पॉवर बँक, खुर्ची (एकच! जास्त ठेवल्या की सगळे बसून राहतात), आणि एक फळा किंवा जाड पुठ्ठा.

पुठ्ठ्यावर आडवी सगळ्यांची नावं, खाली फेऱ्यांचे रकाने. माणूस बेसला आला की बेसवाला रकान्यात वेळ लिहितो आणि शेजारी दोन छोट्या खुणा करतो, खाल्लं का, लघवी झाली का. बस एवढंच. पण एखाद्याची फेरी ५८ मिनिटांवरून ६२, मग ७१, मग ८४ अशी जायला लागली आणि खाण्याच्या रकान्यात सलग तीन ठिकाणी काही नाही, की तो माणूस कितीही हसत 'एकदम ओके' म्हणाला तरी पुठ्ठा खरं सांगतो. आमच्या ग्रुपमधला एक मित्र मध्येच थांबला आणि त्याने उरलेला सगळा वेळ हा पुठ्ठा हातात घेतला, बाकीच्यांचं पूर्ण होण्यात त्याचा वाटा कुणापेक्षाही कमी नव्हता.

७. उंचीची नोंद

घड्याळातला किंवा फोनमधला जीपीएस उंची मोजताना गडबडतो, झाडी दाट असली की जास्तच. हवेच्या दाबावर उंची मोजणारं घड्याळ बरं, पण हवामान बदललं की तेही सरकतं. म्हणून दिवसभराच्या एकूण आकड्यावर अवलंबून राहू नका. नकाशावरच्या समोच्च रेषांवरून (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) तळ आणि माथा यांच्यातला फरक आधी काढा, दोन-तीन साधनांनी पडताळा, त्यातला सगळ्यात कमी आकडा धरा आणि फेऱ्या मोजा. वर आणि खाली वळायची जागा दगडाने किंवा रिबनने पक्की करा. दर फेरीला दहा मीटर उंची बाकी असतानाच वळायची सवय लागली तर १८ फेऱ्यांत १८० मीटर उंची कमी भरते. संपल्यावर एक फेरी जादा मारली तर झोप शांत लागते.

रेकॉर्डिंग एकाच फाइलमध्ये ठेवा, मध्ये बंद करू नका. चार्जिंग चालू असताना तुमचं घड्याळ रेकॉर्ड करत राहतं का हे घरी बघून ठेवा.

८. प्रत्यक्ष दिवस

पहिल्या पाच फेऱ्या. इथेच सगळं ठरतं. चारजण एकत्र, उत्साह, गप्पा, आणि नकळत एकमेकांच्या मागे वेग वाढतो. चढताना पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग जास्त आहे. फारच हळू चाललोय असं वाटलं पाहिजे, तोच बरोबर वेग.

खाणं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतं, त्यावरून अंदाज घ्या. पहिल्या फेरीपासून खायचं, भूक लागायची वाट बघायची नाही. गोड फार वेळ जात नाही, सात-आठ तासांनी नकोसं होतं, म्हणून मीठ लावलेले उकडलेले बटाटे, गरम सूप असं खारट हाताशी ठेवा. त्या दिवशी कुठलीही नवी गोष्ट खाऊ नका, एनर्जी जेल वगैरे वापरायचे असतील तर सरावात पोटाला सवय करा.

पाणी. तहान लागेल तसं, घोट घोट. घाबरून लिटरच्या लिटर साधं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते डिहायड्रेशनइतकंच, कधी जास्तच, घातक असतं. बोटं सुजणं, अंगठी घट्ट होणं, डोकं दुखणं, मळमळ, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं. अशा माणसाला अजून पाणी पाजू नका, थांबवा आणि दवाखान्यात न्या.

पाय. कुठे चुरचुरायला लागलं की त्याच क्षणी थांबा आणि टेप लावा, 'खाली गेल्यावर बघू' म्हटलं की खाली फोडच बघायला मिळतो. नखं तीन-चार दिवस आधी कापा. उतरताना बोटं पुढे आपटत असतील तर बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट करा म्हणजे टाच मागे धरून राहते.

पेनकिलर. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊन चालत राहू नका. अंगात पाणी कमी असताना त्या किडनीवर ताण आणतात, आणि दुखणं दाबलं गेल्यामुळे इजा वाढते ती वेगळीच.

थंडी. घामाने भिजलेला माणूस बेसला पाच मिनिटं जरी बसला तरी वाऱ्यात गार पडतो. आल्या आल्या जॅकेट अंगावर. कुणी थरथरतोय, अडखळतोय, जीभ जड झालीय, हाताने चेन लावता येत नाहीये, तर त्याची फेरी संपली. कोरडे कपडे, गरम पेय, चादर, आणि एकटं सोडायचं नाही.

बाराव्या-तेराव्या फेरीच्या आसपास बहुतेकांना सोडून द्यावंसं वाटतं. त्यासाठी एक नियम पाळा: चढ सुरू असताना किंवा खुर्चीत बसून सोडायचं ठरवायचं नाही. काहीतरी खा, मोजे बदला, मित्रासोबत अजून एक फेरी मारा, मग ठरवा. बऱ्याचदा ती नुसती भूक असते. पण दुखणं एका ठिकाणी टोचतंय, पाय टाकायची पद्धत बदललीय, छातीत दुखतंय, चक्कर येतेय, तर हा नियम लागू नाही, तिथल्या तिथे बंद.

९. संपल्यानंतर

गाडी चढणाऱ्यांपैकी कुणीही चालवायची नाही. एवढ्या जागरणानंतर स्टिअरिंगवर डोळा लागतो. एकतर बेसच्या माणसाने आधी झोप काढून चालवायची, किंवा सगळ्यांनी तिथेच झोपून सकाळी निघायचं. ही सोय आधीच करून ठेवा.

बेसची जागा होती तशी स्वच्छ करा, रिबन काढा, रेकॉर्डिंग सेव्ह करा. कोरडे कपडे, थोडं खाणं, झोप. पुढचे दोन-तीन दिवस मांड्या दुखणार, ते चालतं, हळू चालत राहा. पण दुखणं खूप जास्त आहे, स्नायू सुजलेत आणि लघवी कोलासारखी गडद होतेय असं दिसलं तर थांबू नका, ते स्नायू तुटून किडनीवर येत असल्याचं लक्षण आहे, लगेच हॉस्पिटल गाठा. ग्रुपवर दोन दिवस रोज प्रत्येकाला हे विचारा, गप्प राहणाऱ्याला फोन करून विचारा.

दोन-तीन आठवडे डोंगराचे मोठे सराव बंद. पुठ्ठा मात्र टाकू नका. पूर्ण ८८४८ करायचं झालं तर २५० मीटरच्या चढावर ३६ फेऱ्या होतात, आणि त्याचं प्लॅनिंग करताना कोण कितव्या फेरीला मंदावला आणि तेव्हा त्याने काय खाल्लं होतं हे त्या पुठ्ठ्यावरूनच काढायचं आहे.